शिकारी रायफलसाठी हातभरणीची काडतुसं: सुरक्षित आणि अचूक भरणी कशी ठरवायची

.३०८ विंचेस्टरसारख्या मध्यम काडतुसात चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) दाब प्रति चौरस इंच ६२,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. सामी या अमेरिकन मानक संस्थेने या काडतुसासाठी ठरवलेली कमाल मर्यादा हीच आहे. हा दाब चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तयार होतो आणि तो मोजायचं साधन घरच्या टेबलावर नसतं. म्हणून दाब प्रयोगशाळेने मोजलेल्या आकड्यांच्या आत ठेवायचा आणि ज्या गोष्टी आपल्याला मोजता येतात त्या प्रत्येक काडतुसात सारख्या ठेवायच्या. पहिल्याने हात शाबूत राहतो, दुसऱ्याने ग्रुप (कागदावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) आवळला जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हेच आहे.

अनेक देशांत हातभरणीला (काडतुसं घरी स्वतः भरण्याला), प्रायमर-पावडर बाळगायला आणि साठवणुकीच्या प्रमाणाला वेगळे नियम आहेत. साहित्य घ्यायच्या आधी आपल्या परवान्यात काय बसतं ते बघून घ्या.

या लेखात ‘काडतूस’ म्हणजे भरलेला पूर्ण राउंड, ‘पुंगळी’ म्हणजे त्याचं पितळी कवच आणि ‘गोळी’ म्हणजे फक्त नळीतून बाहेर पडणारा भाग. प्रायमर म्हणजे बुडात बसणारी, पावडर पेटवणारी छोटी टोपी आणि चार्ज म्हणजे एका काडतुसात भरायची पावडर. उदाहरणं बोल्ट ॲक्शन रायफलची आहेत.

टेबलावर काय हवं

सिंगल स्टेज प्रेस, आपल्या कॅलिबरचा डाय सेट (पुंगळीला माप देणारे साचे) आणि शेलहोल्डर (पुंगळीचं बूड धरणारा), तराजू आणि त्यासोबत तपासणीची वजनं, कॅलिपर, पुंगळीच्या खांद्याचं (मानेखालचा उतार) आणि गोळीच्या ओजाइव्हचं (टोकाकडे निमुळता होणारा भाग) माप घेणारे कम्पॅरेटर, ट्रिमर, तोंडाच्या कडा मारायचं चॅम्फर टूल, लोडिंग ब्लॉक, चुकलेली काडतुसं उघडायला इनर्शिया पुलर, आणि संरक्षक चष्मा. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर वेग मिळतो, पण नवशिक्याने शिकारीची भरणी त्यावर शिकू नये. सिंगल स्टेजवर प्रत्येक पायरी वेगळी होते, त्यामुळे चूक वेळेत दिसते.

सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे भरणीचं पुस्तक. एक पावडर बनवणाऱ्याचं आणि एक गोळी बनवणाऱ्याचं, अशी किमान दोन पुस्तकं समोर ठेवा. त्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, कारण चाचणीची नळी, पुंगळी आणि प्रायमर वेगळे असतात. फरक दिसला तर कमी असलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. कुणी तोंडी सांगितलेला चार्ज, कितीही अनुभवी माणसाने सांगितला असला, तरी पुस्तकात सापडेपर्यंत तो वापरायचा नाही. म्हणूनच या लेखातही कोणत्याच पावडरचा चार्ज दिलेला नाही.

टेबलावर एका वेळी एकच पावडर आणि एकाच प्रकारचे प्रायमर. काम झालं की उरलेली पावडर तिच्या मूळ डब्यात परत. मेजरमध्ये (पावडर मापून सोडणारं साधन) रात्रभर राहिलेली, लेबल नसलेली पावडर म्हणजे टाकून द्यायची पावडर. रंगावरून आणि दाण्यावरून ओळखायचा प्रयत्न करू नका. नावांमध्येही मोठा धोका आहे. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत. ४८९५ आणि ४८३१ यांचंही तसंच. आकडा सारखा म्हणून एकीचा चार्ज दुसरीला लावला की पुस्तकाने दिलेली सुरक्षितता संपली. डब्यावरची अक्षरं आणि आकडा दोन्ही मोठ्याने वाचा. ही सवय फुकट आहे आणि ती बोटं वाचवते.

पुंगळी निवडणं

एका बनावटीच्या, शक्य तर एकाच लॉटच्या पुंगळ्या वेगळ्या ठेवा. लष्करी पुंगळ्यांचं पितळ अनेकदा जाड असतं, आतली जागा कमी असते, त्यामुळे तोच चार्ज त्यात जास्त दाब करतो. त्यांच्या प्रायमरभोवती क्रिम्पही (पितळ दाबून केलेली पकड) असतो. तो रीमर किंवा स्वेजरने काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. आत दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन पुंगळी. ती बाजूला काढा, नाहीतर जुना प्रायमर काढणारी डीकॅपिंग पिन मोडेल.

प्रत्येक पुंगळी हातात फिरवून बघा. मानेला उभी चीर असेल तर फेकून द्या. बुडापासून थोडं वर, भिंत जिथे जाड होते तिथे, आडवं चमकदार वलय दिसलं तर पितळ आतून ताणलं गेलंय आणि पुढच्या एखाद्या बाराला बूड तुटून वेगळं होऊ शकतं. शंका असली तर कागदाची पिन सरळ करून तिचं टोक काटकोनात वाकवा आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून तळाकडून वर ओढा. त्या जागी टोक अडकलं तर आत खाच पडली आहे. अशी एक पुंगळी निघाली की तितकेच बार झालेल्या बाकीच्याही तपासा.

साफसफाई टंबलरमध्ये करा. जुन्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं. कोरडं मीडिया उघड्या खोलीत चाळू नका, हातमोजे घाला, काम झाल्यावर हात धुवा, आणि या टेबलावर खाणंपिणं आणू नका.

रिसायझिंग: इथे घाई नको

बार होताना पुंगळी फुगून चेंबरच्या मापाची होते. रिसायझिंग डाय तिला परत लहान करतो. प्रश्न एवढाच की किती. डायसोबतच्या सूचनेप्रमाणे डाय शेलहोल्डरला टेकवून आणखी थोडा फिरवला तर पुंगळी कुठल्याही रायफलमध्ये जाईल, पण तुमच्या रायफलसाठी तिचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जाईल. मग प्रत्येक बाराला पितळ पुढे ताणलं जातं आणि ते चमकदार वलय लवकर येतं. बूड तुटण्याचं मूळ बहुतेक वेळा जास्त पावडरमध्ये नसतं, या जास्तीच्या रिसायझिंगमध्ये असतं.

योग्य पद्धत अशी. तुमच्याच रायफलमधून झाडलेल्या चार-पाच पुंगळ्या घ्या. आधी त्यांचे प्रायमर काढा, कारण उठलेला प्रायमर माप बिघडवतो. कम्पॅरेटर लावून बुडापासून खांद्यावरच्या खुणेपर्यंतचं माप घ्या आणि सगळ्यांत मोठं माप धरून चाला. एका बारात पुंगळी पूर्ण फुगतेच असं नाही. आता डाय शेलहोल्डरपासून थोडा वर ठेवा, पुंगळीला लूब (वंगण) लावा आणि रिसाइझ करा. परत मोजा. सुरुवातीला माप कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसेल. ते बरोबर आहे: डाय आधी अंग दाबतो आणि पितळ पुढे सरकतं. मग डाय थोडा थोडा खाली घ्या. नेहमीच्या डायला ⅞ इंच-१४ चे आटे असतात, म्हणजे पूर्ण एक फेरा १.८ मिमी. १० अंशांचं फिरवणं म्हणजे साधारण ०.०५ मिमी. इतक्याच छोट्या पायऱ्यांनी जायचं आहे.

खांदा झाडलेल्या मापापेक्षा ०.०२५ ते ०.०५ मिमी मागे गेला की थांबा आणि लॉकनट आवळा. शिकारीच्या रायफलसाठी ०.०५ कडे झुकलेलं बरं. जंगलात धूळ, थंडी, ओल यांत बोल्ट सहज बंद व्हायला हवा. फायरिंग पिन काढलेल्या बोल्टने रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून बघा: हँडल जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली आलं पाहिजे.

लूबचं प्रमाण हाताला कळायला वेळ लागतो. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकते. मग जोर लावून प्रेसचा दांडा ओढू नका, स्टक केस रिमूव्हरने भोक पाडून काढा. जास्त झालं तर खांद्यावर खड्डे पडतात. छोटे खड्डे पुढच्या बाराला भरून येतात, मोठे असतील तर पुंगळी टाका. रिसायझिंग झाल्यावर लूब पूर्ण पुसा. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा रेटा बोल्टवर जातो.

लांबी, तोंड, प्रायमर

रिसायझिंगने मान लांबते, म्हणून लांबी रिसायझिंगनंतरच मोजा. .३०८ विंचेस्टरची कमाल लांबी ५१.१८ मिमी आणि ट्रिम करून ठेवायची लांबी ५०.९३ मिमी. कमाल लांबी ओलांडली तर चेंबरच्या टोकाला मान गोळीवर चिमटली जाते, गोळी सुटायला अडते आणि दाब एकदम चढतो. पुस्तकातला अगदी सौम्य चार्जही अशा पुंगळीत धोकादायक ठरतो. ट्रिम केल्यावर तोंडाची आतली-बाहेरची कड हलक्या हाताने मारा. आतली धार राहिली तर ती गोळीचं जॅकेट खरवडते.

प्रायमरचा खळगा साफ करा. नवा प्रायमर बुडाच्या पातळीखाली ०.०८ ते ०.१३ मिमी बसला पाहिजे. बोट फिरवलं की किंचित खड्डा लागायला हवा. वर राहिलेला प्रायमर दोन तऱ्हेने त्रास देतो: फायरिंग पिनचा पहिला धक्का त्याला बसवण्यात खर्ची पडून बार चुकतो, किंवा बोल्ट बंद करताना त्यावर दाब येतो. प्रायमर विशेष काही जोर न लावता आत गेला तर खळगा सैल झालाय. ती पुंगळी बाद. लार्ज रायफल प्रायमर लार्ज पिस्टल प्रायमरपेक्षा उंचीला जास्त असतो, दोघांची अदलाबदल नाही. मॅग्नम प्रायमर फक्त पुस्तकात सांगितला असेल तरच.

प्रायमर नेहमी मूळ खोक्यात ठेवा. बरणीत एकत्र ओतलेले प्रायमर एकाने पेट घेतला तर सगळे एकदम उडतात. त्यांचं कंपनीचं खोकं एकेक कप्प्याचं असतं ते त्यासाठीच. चष्मा या पायरीपासून शेवटपर्यंत डोळ्यांवर.

पावडर

तराजू सपाट आणि न हलणाऱ्या जागी ठेवा, पंखा बंद करा. डिजिटल तराजू अर्धा तास आधी चालू करा, आणि सुरुवातीला, मध्ये व शेवटी तपासणीचं वजन ठेवून बघा. माप ग्रेनमध्ये असतं: एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. तराजू ग्रॅमवर आहे की ग्रेनवर, हे दर वेळी बघा.

चार्ज वजन करून पुंगळीत टाकला की लगेच ती ब्लॉकच्या दुसऱ्या बाजूला ठेवा, म्हणजे भरलेली आणि रिकामी कधी मिसळणार नाहीत. सगळ्या भरून झाल्यावर टॉर्च लावून वरून बघा. पावडरची पातळी एका रांगेत दिसली पाहिजे. एखादी वर-खाली दिसली तर ती ओतून परत वजन करा. मंद जळणाऱ्या रायफल पावडरीत पुंगळी निम्म्याहून जास्त भरते, त्यामुळे दुहेरी चार्ज बाहेर सांडतो आणि चूक कळते. झपाट्याने जळणाऱ्या पावडरीचा हलका चार्ज मात्र दोनदा मावतो, म्हणून शिकारीसाठी पुंगळी बऱ्यापैकी भरणारी पावडर निवडणं शहाणपणाचं.

सुरुवात पुस्तकातल्या किमान चार्जपासून. पुस्तकात फक्त कमाल दिला असेल तर त्याच्या १० टक्के खाली. पण किमानच्याही खाली जाऊ नका. मंद पावडर फार कमी भरली तर ती अनियमित पेटते आणि त्यातून कमाल चार्जपेक्षाही वाईट परिणाम होऊ शकतो. काही पावडरींबाबत, उदाहरणार्थ एच ११०, बनवणाराच चार्ज फार कमी न करण्याची सूचना देतो. शून्य पावडर हाही धोका आहे: नुसत्या प्रायमरने गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार नळी फोडतो.

गोळी बसवणं

गोळीचं टोक एकसारखं नसतं, विशेषतः शिशाचं टोक असेल तर. म्हणून माप टोकापासून घेण्याऐवजी कम्पॅरेटरने ओजाइव्हपासून घ्या. आधी आपल्या चेंबरमध्ये तीच गोळी नळीच्या चऱ्यांना (आतल्या पिळदार कडांना) कुठे टेकते ते सुधारित पुंगळी लावलेल्या गेजने शोधा; चार-पाच वेळा मोजा आणि सरासरी धरा. तिथून अर्धा मिलीमीटर मागे ही चांगली सुरुवात. या अंतराला उडी म्हणतात. संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांना बहुतेक वेळा याहून मोठी उडी मानवते, आणि त्या त्याच वजनाच्या शिसं भरलेल्या गोळीपेक्षा लांब असल्यामुळे पुंगळीतली जागा खातात; त्यांची भरणी त्यांच्या स्वतःच्या तक्त्यावरूनच घ्या.

मॅगझिन ही दुसरी मर्यादा. .३०८ ची मानक कमाल एकूण लांबी ७१.३७ मिमी आहे. काडतूस मॅगझिनमध्ये बसत नसेल तर चऱ्यांजवळ जाण्याचा विचार सोडा. गोळी चऱ्यांत रुतवून बसवणं शिकारीच्या रायफलमध्ये नकोच: दाब वाढतो, आणि काडतूस न झाडता बाहेर काढताना गोळी नळीत राहून पावडर यंत्रणेत सांडते.

मानेची पकड सुमारे ०.०५ मिमी पुरते. गोळीवर खाच नसेल तर क्रिम्प करू नका. भरलेलं काडतूस अंगठ्याने टेबलावर दाबा. गोळी आत सरकली तर एक्सपांडर (मान आतून रुंदावणारा डायचा भाग) किंवा मानेचं माप चुकलंय.

चाचणीचा पहिला टप्पा: दाब

पहिल्या दिवशी ग्रुप बघायचाच नाही. किमान चार्जपासून साधारण एक टक्क्याच्या पायऱ्यांनी, .३०८ मध्ये ०.३ ते ०.४ ग्रेन, प्रत्येक पायरीची एक-दोन काडतुसं भरा आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) झाडा. प्रत्येक बारानंतर पुंगळी हातात घेऊन बघा:

- बोल्टचं हँडल वर उचलायला जड जातंय का
- बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणारी खीळ) भोकाचा चमकदार ठसा उमटलाय का
- प्रायमर पूर्ण चपटा होऊन खळग्याच्या कडेपर्यंत पसरलाय का, की पिनभोवती काठ उठलाय
- प्रायमरभोवती काजळी आहे का
- वेग पुस्तकातल्या कमाल वेगाच्या वर गेलाय का

यातलं एकही दिसलं की तिथेच थांबा, वरच्या पायऱ्यांची काडतुसं न झाडता घरी नेऊन उघडा. चपटा प्रायमर एकटा फसवू शकतो. मऊ कपाचा प्रायमर सौम्य भरणीतही चपटा होतो, कडक कपाचा शेवटपर्यंत गोल राहतो. याउलट जड बोल्ट दिसेपर्यंत दाब मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. म्हणून सगळ्यांत आधी वेगाकडे बघा. तुमची नळी चाचणीच्या नळीपेक्षा लांब नसताना पुस्तकापेक्षा जास्त वेग मिळत असेल, तर तो फुकट मिळालेला नाही, दाबातून आलेला आहे. ‘माझी नळी वेगवान आहे’ असं समाधान करून घेऊ नका.

आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला किंवा धक्का कमी लागला तर ताबडतोब थांबा. रायफल रिकामी करा आणि बोल्ट काढून नळी आरपार बघा. बारच झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून किमान एक मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा.

दुसरा टप्पा: अचूकता

कमालपासून सुरक्षित अंतरावर असलेले दोन चार्ज निवडा आणि प्रत्येकी दहा काडतुसं भरा. तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून निष्कर्ष काढणं ही या छंदातली सगळ्यांत महागडी सवय आहे. तीन गोळ्या योगायोगानेही एकाच भोकात जातात, आणि मग माणूस पुढचे महिने तो योगायोग परत शोधत राहतो. एकेका चार्जची एकच गोळी झाडून वेगाच्या आलेखात ‘सपाट जागा’ शोधण्याच्या पद्धतीचंही तेच: पाच-सात मीटर प्रति सेकंदाचा नैसर्गिक फरक त्या सपाट जागेला सहज गिळतो.

पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप, मध्ये नळी थंड होऊ द्या. शिकारीची नळी बारीक असते. तापली की ग्रुप उभा किंवा तिरका पसरतो आणि दोष भरणीवर येतो. १०० मीटरवर एक मिनिट ऑफ अँगल (अंशाचा साठावा भाग) म्हणजे २९ मिमी. दहा गोळ्या ४० ते ४५ मिमीत पडल्या तर शिकारीची भरणी उत्तम आहे.

दोन्ही चार्ज साधारण सारखे निघाले, आणि बहुतेक वेळा तसंच निघतं, तर कमी दाबाचा घ्या. त्यात उन्हाळ्यासाठी जागा राहते: अनेक पावडरींचा वेग आणि दाब तापमानासोबत चढतो, आणि उन्हात राहिलेलं किंवा तापलेल्या चेंबरमध्ये काही मिनिटं पडलेलं काडतूस हिवाळ्यातल्या चाचणीपेक्षा वेगळं वागतं.

ग्रुप अजूनही मोठा असेल तर आता गोळीची खोली बदला: उडी ०.५, १.०, १.५ मिमी अशी, चार्ज तोच ठेवून. एका वेळी एकच गोष्ट. तरी जमत नसेल तर दुसरी गोळी घ्या. एखादी गोळी एखाद्या नळीला आवडतच नाही, तिच्यावर अख्खं खोकं खर्च करू नका. त्याआधी दुर्बिणीच्या माउंटचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासा. गोळी, प्रायमर, पुंगळीची बनावट किंवा पावडरचा लॉट यांतलं काहीही बदललं की परत किमान चार्जकडे जा आणि दाबाचा टप्पा पुन्हा करा.

शिकारीला नेण्याआधी

थंड, साफ नळीतली पहिली गोळी कुठे पडते ते वेगवेगळ्या दिवशी कागदावर घ्या. प्राण्यावर बहुधा तीच गोळी जाते, त्यामुळे झीरो (दुर्बिणीचा नेम) तिच्यावर ठरवा. मग क्रोनोग्राफचा वेग धरून, गोळी बनवणाऱ्याने फुलण्यासाठी दिलेला किमान वेग कोणत्या अंतरावर संपतो ते काढा. त्यापलीकडे नेम कितीही अचूक असला तरी बार करायचा नाही; न फुललेली गोळी आरपार जाते आणि प्राणी जखमी होऊन पळतो.

नेणार असलेलं प्रत्येक काडतूस रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून बाहेर काढा. अडकलं ते बाद. मॅगझिनमध्ये मागे राहणाऱ्या काडतुसांना प्रत्येक धक्क्याला पुढच्या भिंतीवर आपटावं लागतं. तीन बार झाल्यावर शेवटचं काडतूस काढून ओजाइव्हचं माप परत घ्या. गोळी आत सरकली असेल तर मानेची पकड कमी आहे.

खोक्यावर लिहा: गोळीचं नाव आणि वजन, पावडर आणि तिचा लॉट, चार्ज, प्रायमर, पुंगळीची बनावट आणि कितवा बार, ओजाइव्हचं माप, तारीख, चाचणीच्या दिवशीचं तापमान, आणि ही भरणी कोणत्या रायफलची. त्याच कॅलिबरच्या दुसऱ्या रायफलमध्ये ती वापरायची नाही, कारण खांद्याचं माप, चऱ्यांचं अंतर आणि दाबाची चाचणी तिघंही या एकाच चेंबरचे आहेत. लेबल नसलेलं काडतूस पुलरने उघडा, पावडर टाकून द्या. पुंगळी तेवढी परत वापरता येते.